कानातला खडा

डेल थिबोडोनं डोकं आणलं ते कचऱ्याच्या काळ्या पिशवीत.
वर बर्फ, बर्फावर ओली चिठ्ठी:
एकशे आठ इंच. कॅशेस लेजच्या पूर्वेला. पहाटे.
धड कालच विमानात बसलं.
डोकं कुणी विकत घेत नाही,
म्हणून ते आमचं.

पोर्टलंडच्या धक्क्यामागे ही प्रयोगशाळा.
आधी इथे सार्डिनचे डबे भरत.
फरशीचा उतार अजून तसाच आहे,
रक्ताला वाट दाखवावी लागत नाही.

करवत लावण्याआधी मी थोडा वेळ नुसती बघते.
कपाळावर मधोमध फिकट ठिपका,
कातडीत ठेवलेली खिडकी;
तिच्यातून उजेड मेंदूपाशी उतरतो.
आणि तोंड उघडं. त्याचं नेहमीच उघडं.
दुसरे मासे एका जागी राहून
कल्ल्यांची झापडं हलवतात, पाणी ओढतात.
याला ती सोय नाही.
हा पुढे जातो म्हणून पाणी आत येतं,
पाणी आत येतं म्हणून हा पुढे जातो.
थांबला की गुदमरला.
मग झोपतो कधी?
पहिल्या वर्षी मी विनिफ्रेडबाईंना विचारलं होतं.
त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

पोहताना पर खाचेत मिटतात,
चाकूचं पातं मुठीत मिटावं तसे.
आणि रक्त ऊन.
माशाचं रक्त, ऊन!
कल्ल्यांकडून येणारं गार, स्नायूंतून परतणारं गरम,
केसाएवढ्या हजारो वाटा एकमेकींना खेटून.
चूल विझली की शेजारी विस्तव मागायला जात ना,
तशी जाणारी येणारीच्या पदरात निखारा टाकते
आणि घरातली ऊब घरातच राहते.
बाहेर पाणी आठ अंश,
आत पंचवीस.

पण हीच ऊब उलटतेही.
"दोन तास झुंजला," डेल म्हणाला,
"वर काढला तेव्हा मांस पांढुरकं. आतून शिजला.
भाव अर्धा मिळाला."
स्वतःच्या जाळाची शिक्षा. तो हे असं नाही म्हणाला,
त्यानं फक्त टोपी काढून पुन्हा घातली.

आईला देवगडला फोनवर सांगितलं.
"कुपो?" ती म्हणाली, "आपल्याकडे सुरमय नाय गावली तर कुपो घेतत.
इतक्या शिकलस ता कुप्याची टकली फोडूक?"
हो, गो. त्यासाठीच.

कवटी उघडली.
मेंदूच्या खाली, दोन्ही बाजूंना, ओल्या पडद्यात
काकडीच्या बीएवढा एकेक खडा.
यावर त्याचा तोल, यावर त्याचं ऐकणं.
चकतीसारखा कापला, घासला, भिंगाखाली धरला:
हिवाळ्याची एक कड, उन्हाळ्याची एक,
मग कडा इतक्या दाट की श्वास रोखून मोजावं लागतं.
मी एकोणीस मोजले.
विनिफ्रेडबाईंनी एकवीस.
पुन्हा मोजले तेव्हा मला वीस दिसले, त्यांना एकवीसच.
वहीत दोन्ही आकडे लिहिले. वाद असला की तसंच लिहितात.

अगदी मधला कण, पहिल्या वर्षाचा,
सुईनं कोरून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला.
ज्या पाण्यात जन्मला ते पाणी
त्या भुकटीत अजून असतं.
उत्तर एप्रिलमध्ये आलं, वितळणाऱ्या बर्फासोबत:
मेक्सिकोचं आखात नव्हे.
भूमध्य समुद्र.

डेलला धक्क्यावर गाठून सांगितलं.
तो जाळं सोडवत होता, हात थांबले.
"माझा पणजोबा याच कड्यावर हेच मासे धरायचा," म्हणाला,
"आम्ही त्यांना आमचे म्हणतो."
समुद्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा गाठीकडे.
"इथे यायला त्याला किती दिवस लागले असतील?"

काहींना चाळीस लागतात, मी म्हटलं.
काही पुन्हा जातात, पुन्हा येतात.
याचं माहीत नाही.
खड्यात तेवढं लिहिलेलं नसतं.

"थांबला तर नसेल कुठे," तो म्हणाला,
आणि आम्ही दोघंही हसलो,
कारण ते तरी नक्की होतं.